वर म्हणजे कुठे

गंगीबायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या कचेरीच्या दारात शिपायाशी हुज्जत घालत होती. शिपाई विचारत होता, "काय काम आहे?" आणि ती म्हणत होती, "तुला सांगून काय उपेग? तू लिवणार हायस काय?" शिपायाचं अक्षर कसं आहे ते मला ठाऊक असल्यामुळे मला तिचा मुद्दा पटला. मी तिला आत बोलावलं.

पंचावन्नच्या आसपासची बाई. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्याला गुंडाळलेला हिरवा टॉवेल, काखेत भाजीची रिकामी पाटी. स्टेशनच्या रस्त्यावर ती शेवळं, करटोली, वालाच्या शेंगा असं काहीबाही विकायला बसे, हे मला नंतर कळलं. पाड्यावरची माणसं कचेरीत आली की भिंत धरून उभी राहतात. हिने खुर्ची ओढली, माझ्या टेबलासमोर नीट सरळ केली आणि बसली.

"लिवा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "फुग्याच्या कंपाउंडात जहर कोनी पुरला? मी पुरला."

तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण 'मी केलं' हे वाक्य मी कचेरीत ऐकलं नव्हतं. आमच्याकडे सगळं 'झालेलं' असतं. विलंब झाला, नोंद राहिली, फाइल गहाळ झाली. कोणी काही केलेलं नसतं.

मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. मूळचा कराडचा, पण उमेदीची सगळी वर्षं डहाणूत गेली. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, कचेरीची नाही.

डहाणूत फुगे करणारे कारखाने बरेच. त्यातलाच हा एक, रेल्वेच्या पूर्वेला, दोन एकरांचा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बंद पडला. मालक निघून गेला, कोर्टात बरीच वर्षं गेली आणि शेवटी जागा सरकारकडे आली. तिथे मैदान करायचं, मुलांना खेळायला जागा ठेवायची, आणि पूर्वेकडच्या गावांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांसाठी पत्र्याची शेड बांधायची असं ठरलं. रस्त्याच्या कडेला धुळीत बसून बसून त्या बायकांच्या कमरेचे काटे ढिले झाले होते. योजना चांगली होती. एकच अडचण होती, ती म्हणजे जमीन.

फुगे करतात कसे ते थोडक्यात सांगतो. रबराचा चीक असतो, त्यात साचे बुडवायचे, वाळवायचे, फुगा उतरवून घ्यायचा. साच्यांना चिकाची पुटं चढली की ते तेजाबात घालून स्वच्छ करायचे. ते तेजाब पिवळंजर्द असतं आणि त्यात क्रोमियम नावाचं विष असतं. तेजाब निकामी झालं की त्याचं करायचं काय? नियमाप्रमाणे जिथे पाठवायचं तिथे पाठवायला वेळ आणि पैसा लागतो. खड्ड्यात घालायला दोन कुदळी पुरतात.

कंपाउंडाच्या पश्चिम कोपऱ्यात एक विहीर होती. कारखान्याच्या आधीपासूनची. शेजारच्या बोरीपाड्यातल्या माणसांनी स्वतः खणलेली. गंगीबायचा सासरा त्यांत होता. कारखान्याची भिंत आली तेव्हा विहीर आत गेली, पण बायकांना यायला एक दरवाजा ठेवला होता. वीसेक वर्षांपूर्वी त्या विहिरीचं पाणी पिवळं झालं. आधी फिकट, मग हळदीच्या पाण्यासारखं. पाड्याने विहीर सोडली आणि मैलभरावरच्या नळाची वाट धरली.

जागेची तपासणी करायला एका कंपनीची इंजिनीअर आली होती, पूर्वी तिचं नाव. घोलवडची, चिकूवाल्या घरातली मुलगी, बोलायला गोड आणि कामाला तिखट. तिने सांगितलं की विष कुठे पुरलंय ते कळलं तर निम्मं काम झालं, म्हणून जुन्या कामगारांना विचारा. आम्ही दवंडी दिली, नोटीस लावली. महिनाभर कोणी फिरकलं नाही. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. आणि मग एके दिवशी ही बाई खुर्ची ओढून बसली.

"कधी पुरलं?" मी विचारलं.

"माझी दक्षा झोळीत व्हती तवा." दक्षा म्हणजे तिची मुलगी. ती आता झाईला दिलेली आहे आणि तिला दोन मुलं आहेत. मी हिशेब केला, साल नव्याण्णव.

"कोणी कोणी?"

"मी, माझा नवरा सुक्या, आन यूपीकडचे दोघं परदेशी कामगार. शेठनी सांगला, रविवारी या, दुप्पट मजुरी देतो. बारा पिंपं व्हती. सुक्या तर गेला. ते दोघं कुठं गेले म्हाइत नाय. आता मीच उरली, म्हनून मीच सांगायला आली."

"पिंपांत काय आहे ते ठाऊक होतं?"

"हातावर उडाला तर कातडी निघायची. येवढा ठाऊक व्हता. बावडीत जाईल ता ठाऊक नव्हता. पर इचारला पन नाय, भाऊसाहेब. मजुरीसंगं फुग्यांची एक गोण दिलती, वाकडेतिकडे झालेले फुगे. पाड्यातली पोरां आठ दिवस फुगं फुगवत व्हती. मना लय चांगला वाटला तवा."

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं आणि ते तिने टॉवेलच्या टोकाने सरळ पुसून टाकलं.

मी टेबलावर नकाशा पसरला. कंपाउंडाच्या मधोमध एक चिंचेचं झाड होतं, ते दाखवलं. "ही चिंच. इथून कुठे?"

"चिंचेवरनं वीस पावलं वर. फरशीखाली. आमी पिंपं पुरली आन शेठनी वरनं फरशी घातली."

"वर?"

"वर."

मी बोट कागदावर वर सरकवलं. "म्हणजे इथे?"

"मी काय कागद वाचती? तुमी म्हनता तर असंल. पर वीस पावलं वर, ता लिवा."

आणि मी लिहिलं. 'चिंचेच्या झाडापासून वीस पावले उत्तरेस, फरशीखाली.' नशीब असं की उत्तरेला खरोखरच फरशी होती, जुन्या गोदामाची. मी जबाब वाचून दाखवला, तिने अंगठा दिला, पाटी उचलली आणि जाताना शिपायाला म्हणाली, "लिवला बघ साहेबानी."

त्या अंगठ्याची किंमत तिने पाड्यात मोजली. गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघर झाली. तिची जाऊ रखमी एकाच अंगणात समोरच्या घरात राहते. तिचं गंगीबायवर सख्ख्या बहिणीसारखं प्रेम होतं. तिने अंगणात उभं राहून विचारलं, "वीस वरसं मैलभर हंडे वाहून माझी मान मोडली. ता तुझ्यापायी?" गंगीबाय म्हणाली, "हां." रखमी घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती गंगीबायशी एक शब्द बोलली नाही. पाण्याला जाताना इतर बायकाही गंगीबायला सोडून पुढे जायच्या. भरलेला हंडा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. कोणीतरी हात लावावा लागतो. गंगीबाय नळावर लहान कळशी घेऊन जाऊ लागली.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी माझ्या सुबक अक्षरातल्या जबाबावर खूश होतो.

दिवाळीनंतर खोदकाम झालं. गंगीबाय तेव्हा सायवनला भावाकडे भातकापणीला गेलेली होती. दीपेश नावाचा तलासरीचा कंत्राटदार जेसीबी घेऊन आला. गोदामाची फरशी फोडली, पुरुषभर खणलं. पिंप सोडा, पिंपाचा गंजसुद्धा मिळाला नाही. माती स्वच्छ निघाली. पूर्वीने बाकीच्या जागेतही ठिकठिकाणी भोकं पाडून नमुने घेतले होते. फक्त पूर्वेकडचा एक मोठा सिमेंटचा ओटा सोडला, कारण तो भक्कम होता आणि त्याच्यावरच भाजीबाजाराची शेड उभी करायची होती. चांगला ओटा कोण फोडणार? शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं.

नमुने बहुतेक चांगले आले. विहिरीचं पाणी मात्र कितीही उपसलं तरी आठ दिवसांत पुन्हा पिवळं. विषाचा ठाव लागत नाही, तेव्हा विहीर कायमची बुजवून टाकावी, असं बैठकीत ठरलं. आणि त्या अहवालात, माझ्याच अक्षरात, एक ओळ होती: 'जबाब देणाऱ्या महिलेची आठवण विश्वासार्ह वाटत नाही.'

घरी मी ही हकिगत वसुमतीला सांगितली. माझी बायको शाळेत शिकवते. ती म्हणाली, "ज्या बाईने आपणहून येऊन पाप कबूल केलं ती जागा कशाला खोटी सांगेल?" मी म्हणालो, "खोटी नाही गं, विसरली असेल." वसुमती म्हणाली, "तुम्ही कालचा चष्मा विसरता म्हणून सगळे विसरतात असं नाही." नवऱ्याचा पाणउतारा करायची तिला शाळेत सवय लागलेली आहे.

विहीर बुजवायचा दिवस आला. सकाळी मुरमाचे दोन डंपर कंपाउंडात उभे होते आणि विहिरीच्या कठड्यावर गंगीबाय बसली होती. आदल्या दिवशीच ती सायवनहून परतली होती आणि पाड्यात शिरल्या शिरल्या तिला सगळं कळलं होतं. आधी पाप केलं, आता खोटारडीही ठरली.

दीपेशने हात जोडले. "गंगीबेन, उठा ने. माझं भाडं चढतंय."

"चढू दे."

आमच्या कचेरीच्या साहेबांनी मला फोन केला. तुम्हीच जबाब घेतला होता, तुम्हीच समजूत घाला. मी गेलो. पूर्वी माझ्या आधीच तिथे पोहोचली होती आणि पाण्याचे नमुने घेण्याच्या मिषाने उगाच बाटल्या मांडत होती; तिलाही ते बुजवणं पटलेलं नव्हतं.

"गंगीबाई," मी म्हणालो, "आम्ही खोदलं. काही निघालं नाही. आठवण चुकते माणसाची, त्यात लाज नाही."

ती असं काही चिडली की दीपेश दोन पावलं मागे सरला. "मना येडी समजता काय, भाऊसाहेब? पाप केला ता सांगला. मंग खोटा कशाला सांगू? खड्डा मी खनलाय या हातांनी. दक्षाची झोळी चिंचेला टांगलेली व्हती. ती रडली का मना दिसायची, खनता खनता मी समोर बघायची. आन सकाळचा ऊन माझ्या पाठीवर व्हता. दुपारपरेंत पाठ भाजली माझी. ता इसरन मी?"

पूर्वीने हातातली बाटली खाली ठेवली. "मावशी, परत सांगा. तोंड चिंचेकडे, आणि सकाळचं ऊन पाठीवर?"

"हां."

"मग तुम्ही चिंचेच्या पूर्वेला होतात. उत्तरेला नाही." ती माझ्याकडे वळली. "काका, जबाबात मावशींचा मूळ शब्द काय होता? उत्तर म्हणाल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो. "'वर' म्हणाल्या होत्या. नकाशात वर म्हणजे उत्तरच ना."

पूर्वीने कपाळावर हात मारला. "काका! इतकी वर्षं डहाणूत राहिलात तुम्ही! आमच्याकडे वर म्हणजे डोंगराकडे. वर म्हणजे पूर्व. खाली म्हणजे बंदर. आमच्या घोलवडला घरात सगळे असंच बोलतात. माझ्या हातात तुमचा 'उत्तर' आला म्हणून मी उत्तरेला गेले, नाहीतर..."

मला एकदम सगळं ऐकू यायला लागलं. धाकट्या डहाणूच्या मासळीवाल्या तीस वर्षं माझ्या दारात म्हणत होत्या, "आज माल वर नेला." आमची कामवाली सांगायची, "उद्या सुट्टी, वर जायचंय सायवनला." एवढं ऐकून मला कधी शंका आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. गाव सगळं जमिनीवर उभं राहून बोलत होतं आणि मी एकटा कागदावर उभा होतो. आणि ते समजावून सांगायला जिच्या नावातच पूर्व आहे अशी मुलगी यावी लागली.

"गंगीबाई, मी 'उत्तरेस' असं वाचून दाखवलं तेव्हा बोलला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"मना वाटला उत्तर म्हंजे माझाच उत्तर. तुमी इचारला, मी उत्तर दिला." तिने कठड्यावरून हात उचलून डोंगरांकडे केला, मग विहिरीकडे आणला. "पानी कुठनं येतं, भाऊसाहेब? वरनं खाली. मंग जहर पन वरनंच आला असंल. यवढा तर लहान पोराला कळतं."

चिंचेपासून वीस पावलं पूर्वेला तो सिमेंटचा ओटा होता, ज्याच्यावर भाजीबाजार बसायचा होता.

मी कचेरीत परत आलो आणि सरळ साहेबांकडे गेलो. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. साहेब माणूस चांगला. सगळं ऐकून म्हणाले, "'स्थानिक शब्दाच्या अर्थाबाबत गैरसमज झाला' असं लिहून द्या. विषय संपला." मी पेन घेतलं. 'गैरसमज झाला' एवढं लिहून मला त्या बाईची खुर्ची आठवली. ते खोडलं आणि लिहिलं, 'साक्षीदार महिलेने जागा बरोबर सांगितली होती. मी तिचा अर्थ चुकीचा लावला. तिच्या आठवणीबाबत मी लिहिलेली ओळ काढून टाकावी.' साहेबांनी कागद दोनदा वाचला. मला रीतसर नोटीस आली, तिचं उत्तर मी एका ओळीत दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागद लिहून हलकं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ओटा फोडला. गंगीबायला मास्क, बूट, हातमोजे देऊन दोरीच्या बाहेर उभं केलं होतं. दीपेशने जेसीबीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "गंगीबेन, तमे कहो त्यां! तुम्ही सांगाल तिथे!" तिने चिंचेच्या खोडाला पाठ लावली, डोंगराकडे तोंड केलं आणि मोजत चालू लागली. बूट मोठे होते, म्हणून अठराव्या पावलाला थांबून म्हणाली, "माझी पावलं बारकी व्हती तवा. अठंच, याच जागी."

कंबरभर खोदल्यावर माती पिवळी लागली. मग गंजून चाळणी झालेलं पहिलं पिंप. विष सापडल्याचा इतका आनंद मला होईल असं वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत अकरा निघाली. दीपेश म्हणाला, झालं, अकराच आहेत. गंगीबाय म्हणाली, "बारा."

"बेन, खड्डा संपला."

"बारा. मधी धोंडा लागलेला. सुक्यानी बारावा आडवा घातला, धोंड्याच्या पलीकडं."

धोंडा निघाला आणि त्याच्या पलीकडे आडवं पडलेलं बारावं पिंपही निघालं. दीपेशने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गंगीबायला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "मना नको करू. पुरला मीच."

नंतरचं सगळं काम पूर्वीने पाहिलं. पिंपं आणि पिवळी माती बंदिस्त ट्रकांतून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी गेली. उरलेल्या मातीत हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवा क्षार, मिसळला. पूर्वीचे बाबा चिकूच्या झाडांना हिराकस घालतात, ते पाहत ती मोठी झाली होती. क्रोमियमचं विष मारायलाही तोच चालतो हे तिने साहेबांना समजावून सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, "म्हणजे झाडाचं टॉनिक आणि विषाचा उतारा एकच?" खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये उताराला आडवा चर खणून त्यात लेथच्या कारखान्यांतला लोखंडाचा कीस भरला, म्हणजे खाली झिरपणारं पाणी त्यातून गाळून जावं. विहीर उपसली, पुन्हा उपसली. गंगीबाय रोज भाजी विकून येताना डोकावायची. "पूर्वीबाय, आज रंग कसा?" असं विचारायची. पूर्वी बाटली उजेडात धरून दाखवायची. पिवळं, मग फिकट, मग कधीतरी पावसाळ्यानंतर बाटलीपलीकडचे डोंगर जसेच्या तसे दिसले.

तरी पूर्वीने विहीर उघडू दिली नाही. दर तीन महिन्यांनी एक असे चार नमुने निर्दोष यायला हवेत, ती म्हणाली. "सगळं वर्ष?" साहेबांनी विचारलं. गंगीबायच म्हणाली, "वीस वरसं थांबली बावडी. एक वरस थांबंल."

दरम्यान मैदान तयार झालं. चिंचेभोवती पार बांधला. नवीन ओट्यावर शेड झाली आणि पूर्वेकडून पहिल्या एसटीने येणाऱ्या बायका तिथे बसू लागल्या. गंगीबायने खांबाजवळची जागा धरली, पाठ टेकायला. मी निवृत्त झालो होतो, पण दारावरच्या पाटीसाठी नकाशा काढायला साहेबांनी मलाच बोलावलं. मी काढला. डोंगर वर, बंदर खाली, विहीर खालच्या टोकाला, आणि उत्तरेचा बाण डाव्या हाताला. साहेब म्हणाले, "नकाशात उत्तर वर असते ना?" मी म्हणालो, "साहेब, डहाणूत नसते." गंगीबायने पाटीसमोर उभं राहून चिंच शोधली, बोटाने वीस पावलं मोजली आणि म्हणाली, "आता कागद सरळ हाय."

चौथा अहवाल जानेवारीत आला. निर्दोष. विहीर उघडायची त्या सकाळी मी, वसुमती आणि पूर्वी गेलो होतो. अख्खा बोरीपाडा आला होता. बायकांनी घासलेले हंडे आणले होते, पण सगळ्या कठड्यापासून दहा हात लांब उभ्या. पूर्वीने अहवाल वाचला, समजावून सांगितला, स्वतः पिऊन दाखवते म्हणाली. कोणी हललं नाही. कागदावर त्यांचा विश्वास का बसावा? कागदाचा प्रताप त्यांनी पाहिला होता.

गंगीबाय गर्दीतून पुढे आली. "तू थांब, पूर्वीबाय. टाकला मी, पयली मी." तिने पोहरा सोडला, ओढून घेतला, तांब्या भरला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. मग कठड्यावर बसून राहिली, सगळ्यांना नीट दिसेल अशी. पुष्कळ वेळ ती तशीच बसली. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

मग रखमी गर्दीतून निघाली. दोन वर्षांवर झाली होती त्या अबोल्याला. वाकलेल्या मानेने ती विहिरीपाशी आली आणि आपला मोठा हंडा गंगीबायच्या पायाशी ठेवला.

"गंगे, भर."

गंगीबायने भरला. काठोकाठ भरला, इतका की तिचं निम्मं लुगडं भिजलं. हंडा भरून झाल्यावर तिने तो एका बाजूने धरला, दुसरी बाजू रखमीने धरली, आणि गंगीबायने विचारलं, "वर देऊ?"

रखमी म्हणाली, "दे."